पावणं, पाय दावा

पावणं, निपाणीच्या चौकात तुमचा श्रद्धांजलीचा भला मोठा फ्लेक्स लागला होता. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर तेच अर्धं हसू आणि खाली ‘धर्मानुरागी, दानशूर, ज्येष्ठ कापड व्यापारी’ असं बरंच काही. लिहिणाऱ्यानं काही कमी केलं नव्हतं. पण फोटो कमरेपर्यंतच होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझं डोकंच फिरलं. ज्या पायांसाठी तुम्ही एवढी वर्षं झटलात, ते कुणाला दिसलेच नाहीत. भरत म्हणाला, “बाबा, चला, गर्दी बघतीय.” बघू दे म्हटलं.

भरत माझा मुलगा, त्याला तुम्ही तुमची स्मिता दिलीत. म्हणजे आपण व्याही. व्याह्यांनी वर्षातून चार वेळा भेटावं, एकमेकांना टॉवेल-टोपी द्यावी, जेवताना आग्रह करावा आणि पाठ फिरली की जरा नावं ठेवावीत, अशी जगाची रीत. आपण दोघांनी काय केलं? रोज संध्याकाळी एकमेकांचे तळपाय बघितले. हे मी कुणाला सांगायला गेलो तर लोक मला वेड्यात काढतील. म्हणून तुम्हालाच सांगतो.

सुरुवात बेळगावात, आमच्या टिळकवाडीतल्या घरामागच्या नळापासून झाली. पाय धुतल्याशिवाय लेकीच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, ही तुमची शिस्त. त्या दुपारी तुम्ही निपाणीहून आलात आणि सरळ मागच्या बाजूला गेलात. मी गप्पा मारत शेजारी उभा. तुम्ही नळ सोडलात, पायावर पाणी घेतलंत आणि कापसाचा भाव सांगत राहिलात. तुमचं बोलणं कधी आखूड नसायचं. पाण्यातनं वाफ येतेय हे मला दिसत होतं, पण तुम्ही इतके निवांत उभे होता की वाटलं, माझ्याच चष्म्यावर काहीतरी आलंय. शेवटी नळ बंद करायला मी हात घातला आणि बोंबललोच. तो नळ सोलरचा होता. भर दुपारचं कढत पाणी.

“काय झालं वो पावणं?” तुम्ही विचारलंत. पाय लालभडक झालेले आणि तुम्ही माझ्या बोटांची चौकशी करत होता.

“अवो, पाणी उकळतंय!”

“न्हाय वो. कोमट हाय की.”

संध्याकाळपर्यंत दोन्ही पायांवर टरारून फोड आले. स्मितानं तोंडावर हात ठेवला. तुम्ही मात्र लेकीची समजूत घालत बसलात, की दुखत नाही तर कशाला एवढं मनाला लावून घेतेस. दुखत नाही, हेच तर भयंकर होतं. ते आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला डोळे मिटायला सांगितले आणि एका काडीला लावलेला नायलॉनचा बारीक धागा तळपायावर टेकवायला सुरुवात केली. लागलं की ‘हो’ म्हणा, एवढंच काम. तुम्ही डोळे मिटून, हात जोडून बसलात, सामायिकाच्या ध्यानाला बसल्यासारखे. बाई टाचेला, अंगठ्याला, बोटांच्या बुडाला धागा लावत गेल्या. तुमच्या तोंडून एकदाही ‘हो’ आलं नाही. त्यांनी धागा बाजूला ठेवला तेव्हा तुम्ही अदबीनं म्हणालात, “करा की बाई सुरू.”

बाहेर बाकावर बसल्यावर तुम्ही बराच वेळ स्वतःची बोटं एकमेकांवर चोळत होता. डोळे झाकून नुसत्या बोटांनी कापड ओळखणारा माणूस. “आयुष्यभर धागा विकला पावणं,” तुम्ही म्हणालात, “आणि धागा लागलेला कळला न्हाय.” मग आवाज खाली आणून म्हणालात, “मला अण्णाच्या खिडकीत बसवू नका.”

तुमचे थोरले भाऊ अण्णा मला माहीत होते. तुमच्यासारखाच साखरेचा आजार, त्यानंच त्यांचा पाय गुडघ्याखाली गेला होता. पायात शिरलेला खिळा त्यांना दोन दिवस कळला नव्हता. त्यानंतर ते माडीवरच्या खिडकीतनं खाली दुकानाकडे बघत बसायचे. जिना उतरायचा नाही, बस्तीला, म्हणजे आपल्या जैन मंदिराला, जायचं नाही. सणावारी लोक खालनंच हात करायचे. तुम्हाला मरणाचं भय कधी नव्हतं. त्या खिडकीचं मात्र होतं. बस्तीची पायरी शेवटपर्यंत आपल्या दोन पायांनी चढायची, एवढंच तुमचं मागणं होतं. मी बस डेपोत कंट्रोलर म्हणून उभी हयात लोकांवर ओरडण्यात घालवली, त्या दिवशी मात्र रिक्षावाल्याशीसुद्धा हळू आवाजात बोललो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की तळपाय रोज बघायचा, वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाकडून तरी बघून घ्यायचा. तुमचं पोट मधे यायचं, नजरही अधू. स्मिता सकाळी शाळेवर, भरत मच्छे गावच्या कारखान्यात. विहीणबाई आणि आमची मंडळी, दोघीही केव्हाच गेलेल्या. घरात दिवसभर रिकामा माणूस एकच, तो मी. मी खुर्ची ओढली, समोर स्टूल घेतलं आणि म्हटलं, “पावणं, पाय दावा.”

तुम्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतलेत. “छ्या छ्या! वरबापानं मुलीच्या बापाचा पाय धरायचा? कुटं फेडू हे पाप?”

“तुमी मांडवात माझ्या पोराचं पाय धुतलासा की.”

“ती रीत हाय.”

“मग ही बी रीत. आजपासनं.”

माझ्या आवाजानं शेजारीण खिडकीत आली असणार. तुम्ही नाइलाजानं पाय पुढे केलात. आयुष्यात माझ्यापेक्षा उंच आसनावर कधी बसला नव्हता तुम्ही. सोफ्यावर मी असलो तर तुम्ही सतरंजीवर, मी सतरंजीवर आलो तर तुम्ही फरशीवर. आता तुम्ही खुर्चीवर, मी खाली स्टुलावर, आणि तुमचा पाय माझ्या मांडीवर. तुम्ही छताकडे बघून ‘माफी असावी’ असं पुटपुटलात. तेव्हापासून रोज पुटपुटत आलात. मी किती वेळा ओरडलो असेन, “बंद करा हे!” ते काही तुम्ही बंद केलं नाही.

फोड बरे व्हायला फार दिवस लागले. एक बोट जाणार अशी धाकधूक होती, ते राहिलं. आणि ज्या दिवशी पट्टी सुटली त्या दिवशी तुम्ही आपली जागा सोडून खाली उतरलात, स्टुलावर बसलात आणि म्हणालात, “आता तुमचा.”

मी म्हटलं, मला काय झालंय? मला साखर आहे, पण थोडी. तुम्ही हसलात. “पावणं, थोडी साखर चहात असतीय.” तुमचा आवाज कधी चढला नाही. आणि म्हणूनच तुमच्यापुढे माझं काही चालायचं नाही. ओरडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला माहीत आहे, न ओरडणाऱ्याचं काय करायचं? तुम्ही माझा पाय धरलात. धाग्यानं दगा दिला होता तुमच्या पायांना, हाताच्या बोटांना नव्हे. अंगठ्याच्या मागं मला एक घट्टा होता. तो मी वर्षानुवर्षं दाढीच्या ब्लेडनं तासायचो. तुमचं बोट तिथं थांबलं. “हितं कापड दुहेरी झालंय,” तुम्ही म्हणालात, आणि उठून न्हाणीतलं माझं ब्लेड घेतलंत ते परत दिलंच नाहीत. डॉक्टरीणबाईंनी तो घट्टा काढला तेव्हा खाली जखम निघाली. लहान होती. आणखी वर्षभर तासत बसलो असतो तर कुठवर गेली असती कोण जाणे. खिडकी माझ्याही नशिबात होती पावणं. तुम्ही तिच्यापासून मला ओढून काढलंत आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत.

मग आपली वहिवाटच पडली. सूर्य मावळायच्या आत आपलं जेवण, आणि त्याच्याही आधी उजेडात पाय. ट्यूबलाइट असताना उजेड कशाला, यावर आपण किती भांडलो! तुम्ही म्हणायचा, गिऱ्हाईक साडी उन्हात नेऊन रंग बघतं ते येडं म्हणून नव्हे. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, तेल टाचेला लावायचं पण बेचकीत नाही, नखं सरळ कापायची, चप्पल पायात घालण्याआधी उलटी करून झटकायची. आपल्या घरात गहू निवडून, पाणी गाळून घेतात. तेवढंच लक्ष तुम्ही पायाला दिलंत. एकदा माझ्या चपलेतनं स्मिताचं कानातलं पडलं. ते पायाखाली घेऊनच मी बाजार करून आलो होतो. तुम्ही ते हातावर घेऊन इतके हसलात, की मलाही हसू आवरेना.

बरं वाटल्यावर तुम्ही निपाणीला निघालात. तिथूनच आपला तो जुना वाद सुरू झाला. “राहा की हितं,” मी म्हणायचो. “पोरीच्या घरी किती दिस?” तुम्ही म्हणायचा. मी म्हणायचो, घर पोरीचं नाही, माझं आहे, कागद दाखवू का? तुम्ही हात जोडायचा. तुमचं ते हात जोडणं म्हणजे बोलणं संपल्याची खूण. मग स्मितानंच तोड काढली आणि तुमच्या फोनवर व्हिडिओ कॉल बसवून दिला.

देवाशपथ सांगतो, मला असं काही आयुष्यात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरल्या वेळी फोन वाजायचा. आधी तुमचा चेहरा, जोडलेले हात, ‘जय जिनेंद्र पावणं, माफी असावी,’ आणि मग सगळ्या पडद्यावर एक भलामोठा तळपाय. मी चष्मा सरसावून हुकूम सोडायचो, “डावीकडं घ्या. जरा लांब. बेचकी दावा.” एकदा कडोलीच्या एका लग्नात जेवणाची पंगत नुकतीच बसली होती आणि तुमचा फोन आला. शेजारी बसलेल्या पाहुण्यानं माझ्या फोनमध्ये डोकावून बघितलं आणि तो पान सोडून दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. मी तुमचा पाय नीट बघितला आणि मगच जेवलो.

पण पावणं, तुमच्यापुढं मी खरी टोपी काढली ती त्या विहाराच्या वेळी. मुनिमहाराजांचा पायी विहार निघाला की त्यांच्यामागं गावोगाव अनवाणी चालत जायचं, हे तुमचं लहानपणापासूनचं. मुनी अनवाणी, मग मागून चालणाऱ्या श्रावकानंही पायात काही घालायचं नाही. मी तुम्हाला फोनवर दम भरला होता, जायचंच नाही म्हणून. तुम्ही ऐकणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम पहाटेची बस पकडून निपाणीला आलो. तुम्ही रस्त्यावर होता. पायात मऊ तळाची चप्पल आणि आत पांढरेशुभ्र सुती मोजे. एवढ्या अनवाणी माणसांत तुम्ही एकटे. सगळ्यात मागं, पण ताठ.

तुमच्याच वयाचे एक गृहस्थ मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आप्पा, धरम सुटला व्हय?”

मी तोंड उघडणार होतो. तुम्ही माझ्या दंडावर हात ठेवलात. “महाराज खाली बघून चालत्यात,” तुम्ही त्यांना म्हणालात, “किडामुंगीला जपत्यात. माझ्या पायाला बी जीव हाय न्हवं. त्याला सोताला रडता येत न्हाय, म्हणून मी जपतोय.” आणि चालायला लागलात.

समाजात नाव असलेल्या माणसानं, चारचौघांत, ते ऐकून घेणं सोपं नव्हतं. मी असतो तर एक तर अनवाणी चाललो असतो, नाही तर घरी बसलो असतो. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. तेच गृहस्थ पुढच्या आठवड्यात तुमच्या दुकानात आले आणि गादीवर बसून त्यांनी हळूच विचारलं, “ते मोजं कुटं मिळत्यात?” तुम्ही आतली शिवण टोचू नये म्हणून उलटे शिवलेले पांढरे मोजे खास करून घेतले होते. पांढरेच का, तर रक्ताचा ठिपका लगेच दिसतो. “काळा मोजा मालकापासनं लपवतोय, पांढरा चुगली करतोय,” असं तुम्ही गिऱ्हाइकाला समजावायचा. दुपारी बस्तीच्या तापलेल्या अंगणात हळूहळू पांढरे मोजे दिसायला लागले. लोक तुम्हाला दानशूर म्हणतात ते बस्तीच्या सभामंडपाला दिलेल्या देणगीमुळे. मी म्हणतो ते या मोज्यांमुळे.

त्या दिवशी फोन वाजला नाही. मी मोजे काढून बसलो होतो. चिडलो. म्हटलं, बसले असतील कुणाला तरी काठ-पदर दाखवत. मीच लावला. तुमच्या पुतण्यानं उचलला. दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. त्रास काही झाला नाही म्हणाला. शेजारी कुणी नव्हतं, तर त्रास झाला नाही हे त्याला कुणी सांगितलं? पावणं, हा वाद मी सोडलेला नाही. आमच्या घरी असता तर निदान कुणाच्या तरी हातात असता. मला राग आहे तुमचा. भांडायला आता माणूस नाही, म्हणून तो आणखीच येतो.

दुसऱ्या दिवशी, भर उन्हात, तुम्हाला नेलं. तुमच्या मागून चपला घालून चालायचं माझ्या जिवावर आलं. दाराशी चपला काढून ठेवल्या आणि निघालो. भरत म्हणाला, मोजे तरी घाला. मी त्याला झिडकारलं. डांबर वितळत होतं म्हणे. मला काय कळतंय? मला तेव्हा तुमच्याशिवाय काही दिसत नव्हतं. विहारात सगळ्या जगासमोर चप्पल घातलेल्या माणसाला निरोप द्यायला मी अनवाणी गेलो. तुम्ही असता तर हातच जोडले असतेत.

रक्षाविसर्जन झालं, आम्ही बेळगावला परतलो. स्मिता दुसऱ्याच दिवशी शाळेत गेली. भाजी निवडली, पेपर तपासले, आल्या-गेल्याला चहा दिला. डोळ्यांतून टिपूस नाही. बायका म्हणाल्या, पोर खंबीर आहे. मला भीती वाटत होती, पण सुनेला काय बोलायचं ते मला कधीच जमलेलं नाही. पायांचं तर मी विसरूनच गेलो होतो. बघणार कोण आणि बघायचं कशाला.

परवा संध्याकाळी, ऊन अजून ओसरीवर असताना, ती स्टूल घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. “मामा, पाय.” सासऱ्याला आपल्याकडे मामा म्हणतात.

मी म्हटलं, “नको गं. सुनंनं सासऱ्याचा पाय धरायचा, बरं दिसतंय व्हय?”

“आप्पांनी धरलाच न्हवं?” म्हणत तिनं पाय ओढून घेतला.

मोज्याच्या टाचेला तपकिरी डाग होता. तिनं मोजा सोडवला. टाचेचा फोड फुटून चिघळला होता, तुम्हाला नेताना डांबरावर भाजलेला. मी त्याच पायावर हिंडत होतो आणि मला पत्ता नव्हता. स्मितानं टाच दोन्ही हातांत धरली, उजेडाकडे वळवली. तुमचीच बोटं आहेत तिची. आणि मग ती पोर, जी तुमच्या तिरडीपाशी रडली नाही, ती माझा पाय मांडीवर घेऊन हंबरडा फोडून रडली.

“मामा, एक बाप गेला माझा. आता एकच ऱ्हायलाय. त्याला तरी जपा की वो!”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मलाही मग आवरलं नाही. तुम्ही माझे मित्र होता, एकुलते एक, हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. ते तिला सांगितलं. ती रडत रडत म्हणाली, “त्यास्नी ठाऊक होतं.”

तशीच तिनं रिक्षा बोलावली. डॉक्टरीणबाई मला खूप बोलल्या, पण जखम वरचीच आहे, वेळेत आलात म्हणाल्या, पाय भरून येईल. आता पट्टी बांधून पाय उशीवर ठेवून हे लिहितोय. स्मिता स्वयंपाकघरातनं दर थोड्या वेळानं डोकावून जाते, पाय खाली सोडलाय का बघायला.

पावणं, पोरीची पाठवणी करताना तुम्ही मांडवाच्या दारात माझ्यापुढं वाकून म्हणाला होता, “लेकीला सांभाळून घ्या.” वरबाप मी, फेटा बांधलेला. मोठ्या ऐटीत मान हलवली होती मी. आज एवढंच कळवतो, की तिनंच मला सांभाळून घेतलं.